बदलीवरचा गोलरक्षक

तारीख ९ जून २०१०. स्थळ अमेरिकेतले फिलाडेल्फिया शहर. आइस हॉकीच्या दुनियेत स्टॅन्ले कपहून मोठा मान नाही. त्या करंडकाच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना ३-३ अशा बरोबरीमुळे जादा वेळेत गेला होता. जादा वेळेची चार मिनिटे आणि सहा सेकंद झाली असताना शिकागो ब्लॅकहॉक्स संघाच्या पॅट्रिक केन या २१ वर्षांच्या तरुणाने डावीकडून, जिथून सहसा कोणी गोलाची आशा धरत नाही अशा अडचणीच्या कोनातून फटका मारला. गोल झाला की गोलामागचा लाल दिवा लागतो; तो लागला नाही. भरलेल्या स्टेडियममध्ये चकती कुठे गेली हे जवळपास कोणालाच दिसेना. केन मात्र हातमोजे भिरकावून देत मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे सुसाट निघाला होता. चकती गोलरक्षकाच्या पायांखालून सरकली होती आणि जाळीच्या तळाला लावलेल्या पांढऱ्या पट्टीखाली जाऊन अडकली होती. पंचांनी चित्रफीत तपासली, गोल दिला आणि शिकागोने तब्बल ४९ वर्षांनी करंडक उचलला.

केनचा तो फटका पुढे शेकडो वेळा दाखवला गेला. त्या प्रत्येक वेळी चित्रात आणखी एक माणूस दिसतो. गुडघ्यांवर बसलेला, पायांत जाड पॅड, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. त्याचे नाव मायकेल लेटन. हा लेख त्याच्याविषयी आहे.

मी या खेळाचा जाणकार नव्हे. माझी मुलगी काही वर्षे टोरोंटोजवळ राहत होती, तेव्हा तिच्याकडे दोन हिवाळे काढण्याचा योग आला. बाहेर उणे पंधरा अंश आणि घरात जावयाचा टीव्ही. तेव्हा हॉकी पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिथल्या मराठी घरांतली मुलेसुद्धा गणपतीच्या आरतीला निळ्या-पांढऱ्या हॉकीच्या जर्सीत उभी राहतात. त्यांच्याकडून मी नियम शिकलो. पण माझे लक्ष पहिल्यापासून गेले ते गोलरक्षकाकडे. तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या दोन खांबांमध्ये उभा असलेला प्राणी फार ओळखीचा वाटला. तो तर आमचा कॅशिअर!

दोन खांबांमधला माणूस

बर्फाच्या गुळगुळीत मैदानावर प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू असतात, त्यांतला एक गोलरक्षक. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगल्या फटक्याला तिचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. अशी चकती एका सामन्यात साधारण तीस वेळा तुमच्या रोखाने येते. समोर आपली आणि परकी माणसे दाटीने उभी असतात, त्यांच्या पायांतून ती येते, कुणाच्या तरी काठीला लागून दिशाही बदलते.

बाकीचे खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि बाकावर येऊन दम खातात. गोलरक्षक साठही मिनिटे उभा. पुढच्या फळीतल्या खेळाडूने पाच फटके वाया घालवले आणि सहाव्यावर गोल केला की तो नायक ठरतो. गोलरक्षकाने तीस फटके अडवले आणि एकतिसावा सुटला की सगळे त्या एकतिसाव्याबद्दलच बोलतात. कॅशिअरचे असेच असते. वर्षाचे तीनशे दिवस रोकड पै-पैशाला जुळली तर साहेब त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. जुळायचीच असते ती. एके दिवशी पाचशे रुपये कमी भरले की शाखाभर कुजबुज होते आणि तूट त्याच्याच खिशातून भरून घेतली जाते.

यात आणखी एक अडचण आहे. संघात पुढच्या फळीत बारा जण लागतात, बचावाला सहा. गोलरक्षक मात्र दोनच ठेवतात, आणि त्यांतला एक बहुतेक रात्री नुसता बसून असतो. नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल, या खेळाची सर्वांत वरची पायरी. २०१० साली तीत ३० संघ होते. म्हणजे साऱ्या जगातून जागा फक्त ६०. त्यांतल्या पंचवीस-तीस जागा नावाजलेल्यांच्या पक्क्या. उरलेल्यांसाठी शेकडो तरुण गावोगावच्या लहान संघांत वाट पाहत असतात.

रोजंदारीचा कारागीर

मायकेल लेटन हा त्या वाट पाहणाऱ्यांतला. जन्म १९ मे १९८१, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या पेट्रोलिया गावचा. एकोणिसाव्या शतकात तिथे खनिज तेल लागले, त्यावरूनच गावाचे नाव पडले. मुलगा उंच निघाला, सव्वासहा फूट. १९९९ साली शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याला निवडले, पण सहाव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर. म्हणजे त्याच्या आधी १६४ नावे वाचून झाली होती. इतक्या खालच्या क्रमांकावर निवडलेल्यांतल्या पुष्कळांना मोठ्या लीगचे मैदान कधीच पाहायला मिळत नाही.

लेटनला ते मिळाले. जानेवारी २००३ मध्ये शिकागोच्या गोलात उभे राहून त्याने फीनिक्सच्या संघाला एकही गोल करू दिला नाही. आणि नशीब कसे पाहा, पलीकडच्या गोलात झॅक बिर्क नावाचा त्याच्यासारखाच नवखा उभा होता, त्यानेही गोल होऊ दिला नाही. सामना ०-० असा सुटला. सामनाभर एकही गोल न स्वीकारण्याला 'शटआउट' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या गोलरक्षकांच्या आयुष्यातला पहिला शटआउट एकाच रात्री, एकाच सामन्यात नोंदला गेला, आणि जिंकले कोणीच नाही. पुढच्या हंगामात त्याला शिकागोकडून ३४ सामने मिळाले. त्यानंतरचा २००४-०५ चा सबंध हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाला, आणि वाद मिटला तेव्हा शिकागोला त्याची गरज उरली नव्हती.

इथून सुरू झाली भटकंती. २००५ मध्ये त्याला बफेलोच्या संघाला देऊन टाकले. बफेलोने त्याला रॉचेस्टरच्या आपल्या दुय्यम संघात ठेवले. २००६ मध्ये त्याने अनाहाइमशी करार केला, त्यांनी पोर्टलंडला पाठवले. नोव्हेंबरात नॅशव्हिलने उचलले, जानेवारीत फिलाडेल्फियाने, फेब्रुवारीत मॉन्ट्रियलने. एका हंगामात चार संघ! मॉन्ट्रियलने त्याला एकदाही मैदानात उतरवले नाही आणि जून २००७ मध्ये कॅरोलिनाच्या संघाला दिले. बदल्यात घेतला तो पुढच्या निवडीतल्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतला एक क्रमांक.

हे असे का होते, ते नियम पाहिला की कळते. वरच्या संघाला आपला अनुभवी खेळाडू खालच्या लीगमध्ये पाठवायचा असेल तर आधी त्याचे नाव बाकीच्या सर्व संघांपुढे ठेवावे लागते. चोवीस तासांत कुणी 'आम्ही घेतो' म्हटले की तो तिकडचा झाला. कुणी नाही म्हटले तर मुकाट खालच्या गावाची गाडी धरायची. ते चोवीस तास खेळाडूच्या हातात काहीही नसते. पुष्कळांच्या करारात पगारही दोन लिहिलेले असतात, वरच्या लीगमध्ये असाल त्या दिवसांचा एक, खालच्या लीगमध्ये असाल त्या दिवसांचा दुसरा. आणि दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर.

इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. ऐकताना वाटते की सतत प्रवास करतो म्हणून जर्नीमन. पण शब्दाचे मूळ फ्रेंच 'जूर्ने' मध्ये आहे आणि त्याचा अर्थ दिवस, दिवसभराचे काम. रोजाने काम करणारा, धंदा पुरता शिकलेला पण स्वतःचे दुकान नसलेला कारागीर. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, आणि तो गिरणगावाने दिला आहे: बदली कामगार. पाळीच्या वेळेला डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभे राहायचे. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभे राहायचे, नाहीतर डबा घेऊन घरी. साचा चालवायला तो कायम माणसाइतकाच समर्थ असायचा. फक्त साचा त्याचा नसायचा.

बँकेत आम्ही याला 'ऑफिशिएटिंग' म्हणत असू. आमच्याकडे एक अधिकारी होते, जन्मभर दुसऱ्यांच्या रजेच्या जागी गेले. कधी कोकणात तीन महिने, कधी मराठवाड्यात सहा आठवडे. त्यांची वळकटी नेहमी बांधलेली असे. नव्या शाखेत गेल्यावर पहिल्या सकाळी ते तिजोरीच्या किल्ल्या घेत, रोकड मोजत आणि जणू वीस वर्षे तिथेच आहोत अशा थाटात कामाला लागत. निरोपसमारंभ मात्र त्यांचा कुठल्याच शाखेत झाला नाही, कारण कुठल्याच शाखेला ते आपले वाटले नाहीत. लेटनच्या संघांची यादी वाचताना मला त्यांची आठवण होत राहिली.

एका रात्रीत ९८

खालची लीग म्हणजे अमेरिकन हॉकी लीग. मोठ्या लीगच्या संघांचे दुय्यम संघ तिच्यात खेळतात. गावे मध्यम, प्रवास बहुतेक बसचा, शनिवार-रविवार धरून तीन रात्रींत तीन सामने हा नित्याचा प्रकार. कॅरोलिनाने लेटनला ऑल्बनीच्या संघात ठेवले आणि तिथे २००७-०८ च्या हंगामात तो त्या लीगमधला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला.

त्याच हंगामातली २४ एप्रिल २००८ ची रात्र. बाद फेरीत ऑल्बनीचा सामना फिलाडेल्फियाच्या दुय्यम संघाशी होता. साठ मिनिटांत २-२. बाद फेरीत सामना बरोबरीत सोडत नाहीत. एक संघ गोल करेपर्यंत वीस-वीस मिनिटांची जादा सत्रे चालू राहतात. पहिले जादा सत्र संपले, दुसरे संपले, तिसरे आणि चौथेही. पाचव्या सत्राची दोन मिनिटे ५८ सेकंद झाली तेव्हा कुठे गोल झाला. एकूण खेळ झाला १४२ मिनिटे ५८ सेकंद. त्या लीगच्या इतिहासातला तोवरचा तो सर्वांत लांबलेला सामना होता. लांबीचा तो विक्रम पुढे २०१८ मध्ये मोडला.

त्या रात्री लेटनवर १०१ फटके आले. त्याने ९८ अडवले. आणि सामना हरला, ३-२.

जरा विचार करा. वीसेक किलोचे सामान अंगावर. दर फटक्याला गुडघ्यांवर कोसळायचे आणि पुन्हा उठायचे. साठ मिनिटांची तयारी करून आलेला माणूस जवळजवळ अडीच सामन्यांइतका वेळ आणि तीन सामन्यांइतके फटके एका रात्रीत झेलतो. धावफलकावर मात्र तीनच आकडे उमटतात, ते सुटलेले तीन. अडवलेले ९८ फटके सापडतात ते तक्त्याच्या बारीक अक्षरांत. मला वाटते, बहुतेक माणसांच्या आयुष्याचा हिशेब असाच लिहिला जातो. घरातल्या बाईने वर्षभर वेळेवर रांधलेले कोणी मोजत नाही, आमटी खारट झालेला दिवस लक्षात राहतो.

सहा महिन्यांचा सुकाळ

डिसेंबर २००९ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सचा मुख्य गोलरक्षक रे एमरी जायबंदी झाला. कॅरोलिनाने लेटनचे नाव नुकतेच सर्वांपुढे ठेवले होते. तीन वर्षांपूर्वी दीड महिना ठेवून सोडून दिलेल्या याच माणसाला फ्लायर्सने १५ डिसेंबरला पुन्हा उचलले. बदली कामगाराला साचा मिळाला.

आणि त्याने तो चालवून दाखवला. त्या हंगामात त्याने फ्लायर्सला १६ सामने जिंकून दिले. १ जानेवारी २०१० रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या जुन्या मैदानावर, उघड्या आकाशाखाली बर्फ तयार करून खास सामना झाला, त्यात फ्लायर्सच्या गोलात लेटन उभा होता. चार वर्षांत ज्याला एका गावात पुरता संसार मांडता आला नाही, तो आता साऱ्या देशासमोर होता. मग मार्चमध्ये घोट्याला जबर दुखापत झाली. हंगाम संपलाच म्हणायचा.

त्याच्या जागी ब्रायन बूशे आला. मे महिन्यात दुसऱ्या फेरीत बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत फ्लायर्स ०-३ असे मागे पडले. सात सामन्यांच्या मालिकेत पहिले तीन गमावल्यावर उरतो तो शिष्टाचार. चौथा कसाबसा जिंकला. पाचव्या सामन्यात, १० मे रोजी, बूशेच जायबंदी होऊन बाहेर गेला. बाकावर होता नुकताच बरा झालेला लेटन. जवळजवळ दोन महिने त्याने सामना खेळला नव्हता. तो उतरला आणि दोघांनी मिळून बॉस्टनला गोल करू दिला नाही, सामना ४-०. सहावा जिंकला. सातव्यात फ्लायर्स पुन्हा ०-३ मागे पडले, आणि तिथून ४-३ असे जिंकले. मालिकेत ०-३ वरून उठून जिंकणारा एनएचएलच्या इतिहासातला तो फक्त तिसरा संघ. १९४२ मध्ये टोरोंटोने आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने ते केले होते.

पुढच्या फेरीत समोर मॉन्ट्रियल, ज्यांनी २००७ मध्ये त्याला एकही सामना न देता वाटेला लावले होते. त्या मालिकेतल्या पाच सामन्यांपैकी तीन सामन्यांत लेटनने मॉन्ट्रियलला एकही गोल करू दिला नाही. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकाने 'योगायोग फार झाले' म्हणून परत पाठवले असते.

आणि अंतिम मालिकेत शिकागो. ज्यांनी १६५ व्या क्रमांकावर त्याला निवडले होते ते. इथे मात्र सुकाळ संपला. पहिल्या सामन्यात पाच गोल झाल्यावर प्रशिक्षकांनी त्याला बाहेर घेतले. तिसरा आणि चौथा सामना त्याने जिंकून दिला. पाचव्यात पहिल्याच सत्रात तीन गोल गेले आणि पुन्हा बाहेर. तरीही सहाव्याला त्यालाच उभे केले. सामना संपायला चार मिनिटे राहिली असताना फ्लायर्सने बरोबरी साधली, जादा वेळ आली, आणि केनचा फटका पायांखालून गेला. तो गोल अडवता येण्याजोगा होता, असे जाणकार म्हणतात. असेलही. सत्य ते सत्य. पण तो गोल खाण्यासाठी त्या जागेपर्यंत पोचावे लागते, हेही तितकेच खरे आहे. १९९९ साली त्याच्या आधी ज्यांची नावे घेतली गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला तशी रात्र कधी आलीच नाही.

पुन्हा वळकटी

गोष्ट इथे संपली असती तर ती शोकांतिका झाली असती. ती संपली नाही. फ्लायर्सने त्याला नवा करार दिला, पण पुढच्या हंगामाच्या तोंडावर पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तोवर सेर्गेई बोब्रोव्स्की हा रशियन तरुण जागेवर पक्का झाला होता. लेटनची रवानगी खाली, ग्लेन्स फॉल्स या लहान गावच्या संघात. २०१३ मध्ये त्याला कोलंबसच्या संघाला देण्यात आले, तिथे एकही सामना मिळाला नाही.

मग त्याने काय करावे? तो युक्रेनला गेला. दोनेत्स्क शहराचा डोनबास संघ तेव्हा रशियाप्रणीत मोठ्या लीगमध्ये खेळत असे. २०१३-१४ चा हंगाम तो तिथे खेळला आणि त्याच हंगामात त्या शहराभोवती युद्धाचे ढग जमले. बाद फेरीचे घरचे सामने संघाला स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात नेऊन खेळावे लागले. मे २०१४ मध्ये दोनेत्स्कमधले त्यांचे स्टेडियम लुटून पेटवण्यात आले. संघ त्या लीगमधून बाहेर पडला. बदलीच्या गावाला आग लागलेली पाहण्याची वेळ आमच्या त्या अधिकाऱ्यांवरसुद्धा आली नव्हती.

२०१४ मध्ये त्याला करार दिला तो शिकागोने! ज्यांनी निवडले, सोडले आणि ज्यांच्या हातून हरला, त्याच संघाने त्याला आपल्या रॉकफर्डच्या दुय्यम संघात ठेवले. वय ३३. वरच्या लीगची आशा आता अंधूक. आणि याच रॉकफर्डमध्ये त्याच्या हातून एक मोठी गोष्ट घडली.

अमेरिकन हॉकी लीगमध्ये सर्वाधिक शटआउट्सचा विक्रम जॉनी बॉवर यांच्या नावावर होता, ४५ चा. बॉवर यांनी त्या लीगमधला शेवटचा हंगाम १९५७-५८ मध्ये खेळला होता. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ तो आकडा कोणाला गाठता आला नव्हता. लेटनने तो रॉकफर्डमध्ये मागे टाकला आणि पुढे आपला आकडा ५० पर्यंत नेला.

जॉनी बॉवर कोण, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याचे मोल कळायचे नाही. १९२४ साली सास्काचेवानमधल्या प्रिन्स अल्बर्ट गावी एका गरीब युक्रेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी गोलरक्षकाचे पॅड त्यांनी जुन्या गादीतून केले होते. वय चोरून सैन्यात भरती झाले, सांधेदुखीमुळे परत आले. १९४५ पासून क्लीव्हलंडच्या दुय्यम संघात. १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने बोलावले. हंगामातले सर्वच्या सर्व ७० सामने ते खेळले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली पाठवले गेले. व्हँकूव्हर, प्रॉव्हिडन्स, परत क्लीव्हलंड. चौतिशीला टेकल्यावर, १९५८ मध्ये टोरोंटोने त्यांना घेतले आणि त्यांच्यासह चार स्टॅन्ले कप जिंकले. शेवटचा १९६७ मध्ये, तेव्हा बॉवर ४२ वर्षांचे होते. कारकिर्दीचा बराचसा काळ त्यांनी मुखवट्याविना काढला. २०१७ च्या डिसेंबरात ९३ व्या वर्षी ते वारले. टोरोंटोत आजही त्यांचे नाव आदराने घेतात.

बॉवर आणि लेटन यांच्या आयुष्यातली पहिली पंधरा वर्षे शेजारी ठेवून पाहिली तर दोघांत फारसा फरक दिसत नाही. तीच दुय्यम गावे, तेच वर बोलावणे आणि खाली पाठवणे, तोच रोजचा सराव. बॉवर यांना चौतिसाव्या वर्षी कायमची जागा मिळाली. लेटनला त्याच वयात रॉकफर्ड मिळाले. बॉवर यांचे गुण मोठे होते यात शंका नाही. पण क्लीव्हलंडच्या त्या वर्षांत त्यांनाही आपण पुढे मोठे होणार हे माहीत नव्हते. माहीत नसताना रोज सकाळी पॅड बांधायचे, हे दोघांनीही सारखेच केले.

दिवसाचा मेळ

शिकागोच्याच गोलात २९ मार्च २०१८ रोजी आणखी एक माणूस उभा राहिला होता. स्कॉट फॉस्टर, वय ३६, व्यवसाय हिशेबनीस. संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले तर म्हणून स्टेडियममध्ये एक हौशी गोलरक्षक हजर ठेवतात. फॉस्टर तसा आला होता. वेळ आली, तो १४ मिनिटे खेळला, सातही फटके अडवले आणि शिकागो जिंकले. आमच्या हिशेबी जमातीतला माणूस असल्याने मला त्याचे भारी कौतुक आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव हॉकीच्या दुनियेत घरोघरी पोचले. त्याला एका रात्रीने नाव दिले आणि लेटनला एका रात्रीने डाग दिला. त्यात दोघांच्याही कर्तृत्वाचे माप नाही. पाहणाऱ्यांच्या स्मरणशक्तीचे आहे.

लेटन पुढे शार्लट, टूसॉन, विल्क्स-बॅरी असा फिरत राहिला आणि चाळिशी दृष्टिपथात आल्यावर थांबला. मोठ्या लीगमध्ये त्याचे सुमारे ११० सामने झाले. एका हंगामात संघ ८२ सामने खेळतो, म्हणजे जवळपास दोन दशकांच्या नोकरीत वरच्या पायरीवर दीड हंगामसुद्धा भरला नाही. कुणी याला अपयश म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आपल्या मुलांना आपण सतत पहिल्या साठांत यायला सांगत असतो. एकसष्टावा काय करतो, कसा जगतो, याची गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. आणि आपल्यातले बहुतेक जण तर एकसष्टावे. त्यांच्यातही कसब असते. फक्त त्यांना ते दरवेळी नव्या गावात, नव्या माणसांपुढे, पहिल्यापासून सिद्ध करावे लागते.

बँकेत संध्याकाळी रोकड मोजून झाली की रोजच्या वहीत आकडा लिहून दोघांच्या सह्या होत. ती वही कोणी कौतुकाने उघडत नसे, पण बँक उभी असे ती तिच्यावर. हॉकीचीही अशी वही आहे. अमेरिकन हॉकी लीगच्या नोंदींत शटआउट्सचे पान काढले की जॉनी बॉवर यांच्या ४५ च्या वर एक ओळ दिसते: मायकेल लेटन, ५०. म्हणजे पन्नास रात्री अशा, की संध्याकाळी बसमधून कुठल्या तरी लहान गावात उतरून त्याने पॅड बांधले आणि खेळ संपेपर्यंत त्याच्या मागच्या जाळीत काहीही शिरले नाही.